पायात नसलेल्या जोड्यांचं वजन

आमच्या हिचा उजवा हात मनगटात मोडला तो स्टुलावरून पडून. माळ्यावरचा पापडांचा डबा काढायला चढली होती. मी घरातच होतो, चांगला पेपर वाचत बसलो होतो, मला एक हाक मारायला काय झालं होतं? पण नाही. मी स्टुलावर चढलो की ही खाली उभी राहून ‘जरा डावीकडं, जरा उजवीकडं’ करत बसते, मग माझं डोकं फिरतं आणि मी डबा तसाच ठेवून खाली उतरतो. म्हणून बाईसाहेब स्वतःच चढल्या आणि डब्यासकट खाली आल्या. पापडांचा चुरा झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पहिलं वाक्य काय, तर ‘आता पापड कोण करंल?’

प्लास्टर पालघरला घातलं आणि पालघरलाच काढलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला, हाड झकास जुळलं होतं. पण इतके दिवस प्लास्टरमध्ये राहून बोटं आखडली होती आणि अंगठा तर वळायचं नाव घेत नव्हता. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं, बोटं चालवा, अंगठा चालवा, दुखलं तरी चालवा, नाहीतर आहे ते तसंच राहील. दाबायला एक रबरी चेंडू दिला. हिनं तो दोन दिवस दाबला आणि फ्रिजवर ठेवून दिला. ‘ह्यात माजं मन लागत नाय,’ म्हणाली.

आता हिचा सगळा जीव त्या अंगठ्यात, हे मी सांगायला हवं. हिचं माहेर शिरगावचं, पहिल्यापासून वाडीवाले, म्हणजे बागायतीतले. धाकटा भाऊ तिथं पानमळा करतो, विड्याच्या पानांचा. ही लग्न होऊन बोईसरला आली, पोरगी झाली, पोरगी मोठी होऊन पुण्याला नोकरीला लागली, पण हिचा मळा काही सुटला नाही. आठवड्यातले बरेचसे दिवस सकाळी उठून शिरगावला जायची, वेलींवरची पानं खुडायची, निवडून एकावर एक रचायची आणि दुपारी मातीचे पाय घेऊन घरी यायची. पान खुडायचं म्हणजे देठ अंगठ्याच्या नखानं नेमका तोडायचा, वेलीला ओढ बसता कामा नये. भाऊ स्वतः म्हणतो, ताय खुडते तसं मळ्यात कुणी खुडत नाही. मी एकदा हौसेनं गेलो होतो. मेहुण्यानं हात जोडले आणि मला बांधावर बसवून ठेवलं.

चेंडू फ्रिजवर गेल्याचं ऐकून पोरगी रजा टाकून आली. येताना स्वतःचं गेमचं यंत्र घेऊन आली, टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर आईच्या हातात दिला. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या अंगठ्यानं बटणं दाबून पळायचं, उडी मारायची, काठी हाणायची.

‘चेंडू दाबायचा नाही ना तुला? मग हे दाब,’ म्हणाली.

गेम जादूच्या दुनियेतला. राक्षस, लांडगे, पडके किल्ले, शापलेली जंगलं, सगळा मसाला. त्यात आपण एक बाई असायचं. तिच्या हातात काठी आणि पाठीवर पिशवी. आमची ही पहिल्या दिवशी म्हणाली, ‘मला मारामारी नको, मी आपली झाडपाला बगते.’ आणि खरंच, दिसेल ती मुळी, दिसेल ते फळ, दिसेल तो पाला पिशवीत भरत सुटली. मग एका लांडग्यानं तिच्या मुळ्यांवर झेप घेतली. त्यानंतर आमच्या जिन्यात सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा ‘मर मेल्या!’ हा आवाज रोज सकाळी येऊ लागला. शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, अहो, लांडग्याला म्हणतेय ती.

पोरगी परत गेली, गेम राहिला. आणि अंगठा चालायला लागला! आठवडाभरात ही वाटी धरू लागली, मग लसूण सोलू लागली. पालघरच्या फिजिओथेरपीवाल्या बाई खूश, मी खूश, मेहुणा तर फोनवर म्हणाला, ‘ताय, तुज्या वेली वाट बगतात.’

आणि मग माशी शिंकली. गेममध्ये एक पूल होता आणि पुलावर एक राक्षस. त्याचा सोटा खाली यायच्या आत उडी मारून बाजूला व्हायचं, बास, एवढंच. त्याच्याहून चपळ लांडग्यांना हिनं लोळवलं होतं. पण त्या दिवशी ही बटण दाबायची आणि पडद्यावरची बाई चिखलातून पाय काढल्यासारखी हळू हलायची. सोटा बरोब्बर डोक्यात. पुन्हा उठायचं, पुन्हा सोटा. मी जेवून दुसऱ्या पाळीला निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कंट्रोलर फ्रिजवर, चेंडूच्या शेजारी.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘हात गेला माजा,’ ही म्हणाली. हात पदराखाली घेऊन बसली होती. ‘मी दाबते तवा ती हलत नाय. आधी हलायची. मला वाटतं अंगठा दाबतोय, पन तो दाबत नाय. ऱ्हायला तो तसाच.’

मी म्हटलं, अगं काल लसूण सोललास! तर म्हणे लसणाचं काय, तो कसाही सोलता येतो. आणि थोड्या वेळानं आतल्या खोलीत भावाला फोन करताना मी ऐकलं, ‘माज्या वेलींना दुसरी कोन तरी बग. नाय, नाय, मी रागानं नाय बोलत. माज्या हातानं वेली वडल्या जातील. रविवारी ये, मंग बोलू.’ रविवार म्हणजे माझ्या सुट्टीचा दिवस. तो चार-पाच दिवसांवर आला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईनं ताप असताना मळा सोडला नाही ती एका फडतूस राक्षसापायी मळा सोडणार? मी खूप बडबडलो. ही एका शब्दानं बोलली नाही आणि ते मला जास्त लागलं. नेहमी माझ्या एका वाक्याला हिची तीन वाक्यं असतात. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो.

माझी नोकरी तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर. समोर पडदे, पडद्यांवर आकडे, कुठल्या टाकीत किती, कुठं किती तापलंय. आमच्या कामात एक सवय हाडात भिनलेली असते. आकडा वेडावाकडा दिसला की आधी विचारायचं, टाकी खोटं बोलतेय की मीटर खोटं बोलतंय? आणि एका मीटरवर कधी विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या जागी जाऊन बघायचं. माझ्या हिचा हात ही टाकी आणि तो गेम हे मीटर, असं मी धरलं. दुसरं मीटर कुठं मिळतं ते शोधायला लागलो.

ते मला दुसऱ्याच दिवशी मिळालं. मी खोटंच म्हटलं, ‘ते यंत्र परत पाठवायचं तर तुझी ती पिशवी तरी आवरून ठेव, सगळा कचरा भरलायस.’ कचरा म्हटल्यावर ही उठली. पिशवी उघडली आणि मुळ्या एकीकडं, फळं एकीकडं, वाळलेला पाला एकीकडं असं निवडायला बसली. प्रत्येक मुळीला उजव्या अंगठ्यानं एक बटण. टक, टक, टक, टक. मी तिचा अंगठा बघत होतो. तो असा चालला होता की मला डोळ्यांनी धरवेना.

‘बघ! बघ!’ मी ओरडलो. ‘अंगठा पळतोय तुझा! ती बया हळू चालतेय, तू नाही!’

‘हे नुसतं बसून निवडायचं हाय,’ ही म्हणाली. ‘पळायचं येगळं.’ झालं. पुन्हा हात पदराखाली.

मी पोरीला फोन लावला आणि पडद्याचा फोटो पाठवला. तिनं लगेच ओळखलं. ‘बाबा, वर कोपऱ्यात बघा. पायाला धोंडा बांधल्याचं छोटंसं चित्र आहे ना? तो स्टेटस इफेक्ट आहे. म्हणजे विष चढलं, ताप आला, अंग जड झालं, असं काही झालं की त्याचं चित्र तिथं येतं आणि थोड्या वेळानं जातं. आईचं अंग जड झालंय.’

‘आणि ते जात नसेल तर?’

‘जातं हो. सरायमध्ये झोपलं की जातं.’

झोपलो. गेलं नाही. काढा प्यायला दिला, तो प्याली, गेलं नाही. एका साधूकडून शाप उतरवून घेतला. साधूनं हिच्या जवळची चांगली चांगली मुळं घेतली आणि धोंडा जागच्या जागी! पोरीनं इंटरनेटवर शोधलं, तर असा न जाणारा धोंडा आणखी काही जणांना चिकटला होता. ती गेमचीच चूक होती आणि बनवणाऱ्यांनी अजून दुरुस्त केली नव्हती. सगळ्यांचा सल्ला एकच, पहिल्यापासून सुरू करा. तेही करून बघितलं. नवीन गेममधली बाई अगदीच लेचीपेची, चार पावलं पळाली की धापा टाकायची. हिनं कंट्रोलर खाली ठेवला. ‘हीपन तसलीच,’ म्हणाली. ‘धोंडा हाय का हिच्या डोक्यावर? नाय ना? मंग?’

काय बोलणार, कप्पाळ! जुना गेम पुन्हा लावला, पोरीचा फोन स्पीकरवर ठेवला आणि मी खुर्ची ओढून हिच्यासमोर बसलो. आमच्या कारखान्यात एखादं युनिट अचानक बंद पडलं की पहिला प्रश्न हा असतो, की त्याच्या अगदी आधी कुणी काय केलं. आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडायचा नसतो.

‘ही शेवटची नीट कधी पळाली?’

‘नदीपत्तूर.’

‘नदीवर काय झालं?’

‘नदीला वड लय. तो नावाडी बोलला, लोखंडी जोडे घाल, नायतर व्हाऊन जाशील. घातले. जोडे जड, ती हळू चालायला लागली, तवा हा धोंडा वर आला. ते बरोबरच हाय, जोडेच तसले व्हते. मंग पलीकडं गेली.’

‘पलीकडं काय?’

‘देऊळ. आत गेली, नमस्कार केला, भायेर आली.’

‘आणि जोडे?’

‘जोडे पायरीवर काढले.’

‘कशाला?’

हिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लहानपणी मार खाताना आईनंही तसं बघितलं नसेल. ‘कशाला म्हंजे? देवळात काय जोडे घालून जाऊ?’

मी खुर्चीतून उठलो, बसलो, पुन्हा उठलो. फोनवर पोरगी हसून हसून खोकायला लागली. ‘आई! अगं त्या गेममध्ये कुणीच जोडे काढत नाही. मी चिखलाचे बूट घालून गेले होते आत.’

‘कुनी काढत नाय म्हनून मीपन नाय काढायचे? देव कुठला का असंना,’ ही म्हणाली. ‘आनि तू चिखलाचे घालून गेलीस? लाज वाटली नाय तुला?’ बऱ्याच दिवसांनी हिचा आवाज चढला आणि मला बरं वाटलं.

मग पोरीनं समजावलं. देवळात काही वाईट होत नाही. आत पाऊल टाकलं की विष, ताप, जडपणा सगळं थांबवून ठेवलं जातं, बाहेर आलं की पुन्हा सुरू. तशी जागा असली की पडद्यावर निळा दिवा दिसतो. आणि पायऱ्यासुद्धा देवळातच धरलेल्या आहेत. ती सांगत सांगत इथवर आली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडं दुरुस्तीच्या वेळी अलार्म बंद करून ठेवतात. तेवढ्या वेळात खाली काही बदललं तर पॅनेलला त्याचा पत्ता नसतो, ते आपलं जुनंच धरून बसतं. इथंही तेच! हिनं जोडे काढले ते पायरीवर, गेमचं लक्ष बंद असताना. जोडे निघाले, पण वजन उतरल्याचा निरोप कुणाला पोचलाच नाही. ही बाई तेव्हापासून पायात नसलेले जोडे घालून फिरत होती. ज्यांनी गेम बनवला त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नसेल, की कुणी देवळाच्या पायरीवर थांबून वहाणा काढील.

‘म्हणजे ते जोडे पुन्हा घालायचे आणि नीट काढायचे,’ मी म्हटलं. ‘कुठायत ते?’

‘गेले,’ ही शांतपणे म्हणाली. ‘भायेर आले तर नव्हते. देवळाभायेरनं जोडे गेले ह्यात नवीन काय? मी आपल्या दोरीच्या वहाणा घेतल्या न्‌ पुढं गेले.’

नावाड्याकडं दुसरा जोड होता, तो घालून बघितला. एकाचे दोन धोंडे झाले. काढला तर एकच उतरला. याचा अर्थ पहिला धोंडा पहिल्या जोड्यांचाच होता आणि तेच हवे होते. पोरगी म्हणाली, त्या दुनियेत पोतं घेऊन फिरणारा एक बुटका भंगारवाला आहे. रस्त्यात पडलेलं काहीही उचलतो आणि जंगलापलीकडच्या बाजारात नेऊन विकतो. वा, म्हटलं, म्हणजे आपल्या बोईसरसारखंच.

पण जंगलात लांडगे, आणि आमची बाई धोंडेवाली. ‘मी नाय जात,’ ही म्हणाली. ‘तुमीच जा.’ मग मी कंट्रोलर हातात घेतला. मला लांडग्यांनी खाल्लं. पुन्हा गेलो, पुन्हा खाल्लं. एकदा मी स्वतःच दरीत गेलो, तेव्हा लांडगा नुसता वरून बघत होता. मी पडद्याला शिव्या घालत होतो, चुकीची बटणं दाबत होतो, आणि ही शेजारी बसून तोंडावर पदर धरून आधी कण्हत होती आणि मग हसत होती. शेवटी तिला बघवेना.

‘सरा, द्या हिकडं. जीव घेतलात तिचा.’

आणि उजव्या हातानं कंट्रोलर माझ्या हातातून हिसकावून घेतला. असा हिसकावला की माझं नख दुखावलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर हात लगेच पदराखाली गेला असता.

मग मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पळता येत नाही म्हटल्यावर हिनं बाईला एका मोठ्या झाडाला पाठ लावून उभं केलं. लांडगा यायच्या आधीच काठी उचलायची, कारण काठी खाली यायला वेळ लागणार हे धरूनच चालायचं. चुकलं की सावरायचं आणि पुन्हा झाड धरायचं. दोन सकाळी ही अशी झाडाझाडानं पुढं सरकली. तिसऱ्या सकाळी, म्हणजे शनिवारी, बाजारात पोचली. भंगारवाल्याच्या फळीवर तेच जोडे! साधूपासून वाचलेला अर्धी पिशवी झाडपाला त्याच्या हवाली केला आणि जोडे घेतले. मी म्हटलं, घाल आणि काढ, इथंच, आत्ता.

घातले. काढले. धोंडा तसाच.

पुन्हा घातले, पुन्हा काढले. तसाच. मी उठून त्या भंगारवाल्याला, गेमवाल्यांना, गेमवाल्यांच्या खानदानाला जे काय तोंडात येईल ते बोललो. माझं सगळं शहाणपण मातीत गेलं होतं. उद्या रविवार. उद्या मेहुणा येणार आणि ही त्याला सांगणार, की माझ्या वेली दुसऱ्या कुणाला दे. ते ऐकायला मी तिथं बसणार होतो.

‘वरडू नका,’ ही म्हणाली. पडद्याकडं बारीक डोळे करून बघत होती. ‘हितं तो निळा दिवा हाय. देवळात व्हता तसला. ती बोलली ना, दिवा असला की समदं थांबवून ठेवतात?’

मी बघितलं. होता की! बाजारातही मारामारी होऊ नये म्हणून तसाच बंदोबस्त होता. पॅनेलवर इतकी वर्षं काढून मला दिवा दिसला नव्हता.

‘नदीवर चला,’ ही म्हणाली. ‘जिथं चढलं तिथंच जाऊन उतरवू.’

रविवारी सकाळी चहा पिऊन आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. जंगलातून परतीची वाट ह्या वेळी हिला पाठ झाली होती. नदी आली. हिनं लोखंडी जोडे घातले आणि बाईला पाण्यात उतरवलं, अलीकडं आणलं, देवळापासून लांब अशा उघड्या काठावर उभं केलं. निळा दिवा नाही ना, ते मी दोनदा बघितलं. मला घाम फुटला होता. कारखान्यात बॉयलर चालू करताना फुटत नाही.

‘काढू?’ तिनं विचारलं.

‘काढ.’

जोडे निघाले. धोंडा एकदा लुकलुकला आणि कोपरा रिकामा झाला.

 मग हिनं उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि ती बाई पळाली! काय पळाली! काठाकाठानं, गवतातून, दगडांवरून उड्या मारत, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि परत. ही दाबत होती आणि ती उडत होती, दाबायचा अवकाश की उडी. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. हिच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि तरी अंगठा थांबत नव्हता.

‘माजा हात चांगला हाय,’ ही म्हणाली. ‘अवो, चांगला हाय माजा हात!’

‘मग मी काय मराठीत सांगत नव्हतो?’

‘तुमी वरडत व्हता. सांगत कुठं व्हता?’

आणि तिथून बाई थेट पुलावर. राक्षस सोटा घेऊन उभाच होता. सोटा खाली आला, ही बाजूला. पुन्हा आला, ही पलीकडं. पायांत काठी, गुडघ्यात काठी, ‘मर मेल्या!’ अगदी ऐन रंगात बेल वाजली. मी दार उघडलं तर मेहुणा. चेहरा पडलेला, हातात केळीचा फणा. चप्पल काढून आत आला, हळूच म्हणाला, ‘ताय, एका बाईला बोलून ठेवलंय. उद्यापासनं येईल. पन तू एकदा तोंडानं बोल, म्हंजे…’

‘गप ऱ्हा,’ ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तो घाबरून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला खूण केली, की उभा राहा आणि बघ. राक्षसानं सोटा दोन्ही हातांनी वर उचलला, हिनं त्याच्या पायांमधून उडी मारली आणि मागून एकच दणका दिला. तो पुलासकट हलला, वाकला आणि नदीत कोसळला. धबाक! खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. ठोक बाबा, म्हटलं, आज काय वाट्टेल ते ठोक.

ही उठली. कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, भावासमोर जाऊन उभी राहिली. तो चांगला उंचापुरा, मिशा राखलेला, दोन पोरांचा बाप. हिनं उजवा हात वर केला आणि त्याचा कान धरला. बोटाच्या आणि अंगठ्याच्या चिमटीत नीट धरला आणि पिळला.

‘आय आय आय! ताय! सोड! काय करतंस?’

‘कुनाला देतोस माज्या वेली?’

‘तूच बोललीस ना! आय गं! सोड, ताय, नाय देत कुनाला!’

‘उद्या कोन येनार खुडायला?’

‘तू! तूच येनार! सोड आता!’

‘तीपन येऊ दे, तिचं काम काढू नको. पन माज्या वेली माज्या,’ असं म्हणून हिनं कान सोडला. मेहुणा लालभडक कान चोळत उभा राहिला, एकदा बहिणीच्या हाताकडं आणि एकदा माझ्याकडं बघत. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते सगळं कानाचं नव्हतं.

‘भावोजी,’ तो म्हणाला, ‘मोडायच्या आधी एवढा जोर नव्हता हो हिला.’

आम्ही तिघंही हसत सुटलो. मी चहा टाकतो म्हणून आत गेलो, गॅस पेटवला आणि ओट्याशी उभा राहून लहान पोरासारखा रडलो. बाहेरून हिचा आवाज आला, ‘अवो, चहा ऱ्हाऊ द्या, हिकडं या! पुलापलीकडं केवडी मोठी वाडी हाय बगा!’ मी तोंडावर पाणी मारलं आणि गॅस बंद करून बाहेर गेलो.